‘मम, हे तुझं आहे, माझं नाही’

प्रश्न थोडक्यात असा: लीड्सला राहणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय 46. वडील एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्य सेवेत) जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होते, त्यामुळे तिचं लहानपण वेकफिल्डजवळच्या एका खाणीच्या गावात गेलं (गावाचं नाव तिने लिहिलंय, मी छापत नाही). हिवाळ्यात रविवारी दुपारी बाबांचं बोट धरून रग्बी लीगच्या मॅचला जायचं, टेरेसवर (म्हणजे ग्राउंडच्या कडेला उभं राहून मॅच बघायच्या पायऱ्यांवर) उभं राहायचं, ‘पाय अँड पीज’ म्हणजे मांसाचा पाय आणि मटार खायचे, आणि चार पावलं चाललं की कुणीतरी बाबांना ‘हाऊ डू डॉक्टर’ म्हणायचं. आता नवरा, 11 वर्षांचा मुलगा, 8 वर्षांची मुलगी आणि निवृत्त बाबा असं घर आहे. नवरा सांगलीचा, आयटीत, क्रिकेटवाला. गेल्या सीझनला तिने मुलाला एकदा हेडिंग्लेला, लीड्सच्या मोठ्या स्टेडियमवर, मोठी मॅच दाखवली आणि मग घराजवळच्या हौशी क्लबच्या ग्राउंडवर काही वेळा नेलं. मुलगा कंटाळला, हुडीत तोंड घालून फोन बघत बसला आणि शेवटी म्हणाला, ‘मम, हे तुझं आहे, माझं नाही.’ नवऱ्याचं म्हणणं, हा खेळ धोक्याचा, डोक्याला मार लागतो, आणि वीकेंडला आधीच मराठी शाळा, तबला, स्विमिंग आहे. तिचे प्रश्न: मी माझं बालपण मुलांवर लादतेय का? की अजून थोडं रेटलं तर मुलाला गोडी लागेल? आणि तसंही तो जुना खेळ आता राहिलाय कुठे?

अगं, तुझं पत्र चांगलं चार पानी आहे आणि मी ते परत परत वाचलं, कारण पहिल्या वाचनातच वाटलं होतं की यात काहीतरी निसटतंय, पण नेमकं काय ते नंतर सापडलं. ते सांगते पुढे. आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडं, कारण भारतातून वाचणाऱ्यांना रग्बी म्हणजे एकच खेळ वाटतो आणि इथे उत्तर इंग्लंडात तसं बोललात तर चहा देणारी बाईसुद्धा तुम्हाला दुरुस्त करते. युनियन वेगळं, पंधरा जणांचं. लीग तेरा जणांची. आणि लीग जन्मली माझ्या गावात, हडर्सफिल्डला, स्टेशनला लागून जॉर्ज हॉटेलची इमारत आहे तिथे, 29 ऑगस्ट 1895 ला. यॉर्कशायर-लँकशायरकडचे वीसेक क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. भांडण पैशाचंच होतं पण ऐषारामाचं नव्हतं. गिरणीतली नि खाणीतली माणसं शनिवारी मॅच खेळली की कामावर खाडा पडायचा, तो बुडालेला रोज क्लबने भरून द्यावा एवढंच मागणं होतं, दिवसाला सहा शिलिंग, आणि युनियनच्या साहेब लोकांना तेही चालत नव्हतं कारण पैसे घेतले की म्हणे खेळाची इज्जत जाते. ज्याला खाडा माहीतच नाही त्याला असं म्हणायला काय जातंय! पुढे 1906 मध्ये पंधराचे तेरा झाले, टॅकल झाला की उठून पायाने बॉल मागे द्यायचा हा नियम आला, खूप नंतर सहा टॅकलची मर्यादा आली, म्हणजे सहा टॅकलमध्ये काय ते करा नाहीतर बॉल समोरच्यांना. तुझ्या नवऱ्याला हे कबड्डीच्या भाषेत सांग, घुसायचं, पकडायचं, सोडवायचं, त्याला एका मिनिटात कळेल.

हा इतिहास इथे आणायचं कारण असं की ग्राउंडमधली माणसं आणि कठड्याला टेकून उभी असलेली माणसं एकाच शिफ्टला जाणारी, हे या खेळाचं मूळ आहे, आणि तुला जे आठवतंय ना ते त्याचंच शेपूट आहे.

आता तुझ्या मुलाकडे येते. तो कंटाळला. बरं मग? तू आठ-दहा वर्षांची असताना ऐंशी मिनिटं मॅच बघितलीस का गं, खरं सांग. तुझ्या पत्रात लिनिमेंटचा (मालिशच्या औषधाचा) वास आहे, व्हिनेगरचा वास आहे, शेजारच्या आजींनी विणलेला मफलर आहे, टेरेसच्या मागच्या उतारावर रिकाम्या कॅनने खेळणारी चार-पाच पोरं आहेत, त्यांची नावंसुद्धा आहेत, बाबांच्या कोटाच्या खिशातली लिमलेट आहे. चार पानांत एकाही ट्रायचं (रेषेपार जाऊन बॉल टेकवला की होतो तो) वर्णन नाही! एका खेळाडूचं नाव नाही! मी मुद्दाम शोधलं. म्हणजे तू सुद्धा मॅच बघत नव्हतीस, तू मॅचच्या आजूबाजूला वाढत होतीस, आणि कधीतरी तेरा-चौदाव्या वर्षी मान वर करून बघायला लागलीस. आणि तुझ्या मुलाकडून मात्र तुझी अपेक्षा की त्याने पहिल्याच सीझनला टच लाइनवर सरळ उभं राहून, फोन खिशात घालून, ऐंशी मिनिटं कौतुकाने बघावं, आणि तू मध्येमध्ये त्याचा चेहरा बघत राहणार की आवडतंय का, आवडतंय का. कुणीही पळून जाईल.

त्यात सुरुवात हेडिंग्लेला. अगं तिथे सीटचं तिकीट काढलं की सीट नंबर असतो, मधे उठता येत नाही, लाउडस्पीकरवर गाणी, आणि रांगेतल्या दहा माणसांचे गुडघे ओलांडल्याशिवाय मुताला जाता येत नाही. मोठं ग्राउंड वाईट असं माझं म्हणणं नाही, ज्याला खेळ आधीच आवडतो त्याच्यासाठी ते आहे. नवीन मुलाला हौशी क्लबचंच ग्राउंड बरं, कारण तिथे कठडा असतो, बाजूला एखादं रिकामं मैदान असतं, गोलपोस्टच्या मागे मोकळी जागा असते आणि हाफ टाइमला पोरं सरळ आत धावतात, कुणी हाकलत नाही. पण तिथे सुद्धा मुलाला प्रेक्षक म्हणून नेऊ नकोस. बरोबर एक बॉल दे, आणि त्याच्या वर्गातला एक मित्र. 11 वर्षांचं पोरगं आईबरोबर कुठे जात नाही, मित्राबरोबर नरकातही जातं. मित्र आला तर दोघं मॅचकडे पाठ करून खेळतील, चिप्सला पैसे मागतील आणि घरी येताना स्कोअर विचारलास तर सांगता येणार नाही. होऊ दे तसं.

मित्राबरोबर पण नको म्हणाला तर सोडून दे. खरंच सोड. रेटण्याबद्दल तू विचारलंयस ना, तर रेटायचं नाही हे माझं स्पष्ट मत आहे, मराठी शाळेसाठी रेट, ती भाषा आहे, आजोबांशी बोलायला लागते. रग्बी लीगवाचून त्याचं काही अडणार नाही.

आता बाबांबद्दल. तू गृहीत धरलंयस की बाबांना या खेळाचं वेड होतं. विचारलंयस कधी? ते तुझ्याच घरात, शेजारच्या खोलीत आहेत, आणि तूच लिहितेस की आता ते टीव्हीवर फक्त क्रिकेट बघतात. मला एक शंका आहे, चुकीचीही असेल. त्या पिढीतले आपले कितीतरी डॉक्टर अशा गावांमध्ये गेले कारण इथल्या डॉक्टरांना तिथे जायचं नसायचं, खाणीची गावं, गिरणीची गावं, छातीत धूळ बसलेले पेशंट, आणि 84-85 चा खाणकामगारांचा वर्षभराचा संप, त्यानंतर एकेक खाण बंद. अशा गावात सोमवार ते शुक्रवार तुम्ही टेबलाच्या एका बाजूला आणि ते दुसऱ्या. रविवारी टेरेसवर टेबल नसतं. मला वाटतं तुझे बाबा त्यासाठी जात असावेत, आणि तुला बरोबर नेत असावेत कारण लहान मुलगी हाताशी असली की कुणीही दोन शब्द बोलतं. असं असेल तर खेळाची आवड ही नंतर आलेली गोष्ट आहे, किंवा आलीच नसेल. त्यांना विचार. नातवंडांसमोर विचार, म्हणजे तुझ्याऐवजी त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल, आणि नातवंडांना आजोबांच्या गोष्टीत नेहमी आईच्या गोष्टीपेक्षा जास्त रस असतो, हे अन्यायकारक आहे पण आहे. (बाबा तिथे बोव्हरिल प्यायचे असंही तू लिहिलंयस. बोव्हरिल म्हणजे बीफचा अर्क गं. तुझ्या आईला ते माहीत होतं का हा वेगळा विषय, तो मात्र नातवंडांसमोर काढू नकोस.)

आणि एक जरा टोचेल असं. तुझ्या पत्रात मधेच एक अर्धं वाक्य आहे, ‘कधी कधी कुणी काहीबाही ओरडायचं पण बाबा हसून सोडून द्यायचे’, आणि लगेच पुढच्या ओळीत परत मटार आणि मफलर. मी त्या अर्ध्या वाक्यापाशी थांबले. ऐंशीच्या दशकात त्या टेरेसवर तुम्ही दोघं सोडून आपल्या रंगाचं कोण होतं? बाबांना मान होता कारण ते डॉक्टर होते, उद्या सकाळी त्याच माणसाला प्रिस्क्रिप्शन लागणार होतं. डॉक्टर नसलेल्या आपल्या माणसाला त्याच टेरेसवर काय ऐकावं लागलं असतं ते तुला-मला दोघींना माहिती आहे. आठवणी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही, पण मुलांना सांगताना हे अर्धं वाक्य गाळू नकोस. 11 वर्षांच्या मुलाला शाळेत काय ऐकायला मिळतं ते त्याला माहीत असतं, आणि आई जर म्हणाली की तिच्या वेळी सगळं कसं छान होतं, तर तो मनातल्या मनात आईचं बाकीचं पण खोटं धरतो. त्याच काळातलं इक्रम बटचं पण सांग. लीड्सचा, पाकिस्तानी घरातला मुलगा, तुझ्या लहानपणी फेदरस्टोनकडून विंगला खेळायचा, म्हणजे तुमच्याच टापूत, आणि 1995 मध्ये इंग्लंडकडून खेळला, दक्षिण आशियाई घरातून आलेला इंग्लंडचा पहिला रग्बी खेळाडू. नंतर त्याने आपल्याकडच्या मुलांना या खेळात आणायचं कामही केलं. तू त्याला खेळताना बघितलं असण्याची बरीच शक्यता आहे, चिप्स खात असलीस तर गोष्ट वेगळी.

आता ‘तो खेळ राहिलाय कुठे’. हे ऐकलं की मला थोडा रागच येतो, तुझा नाही, या वाक्याचा, कारण हे वाक्य म्हणणारे सगळे घरी बसलेले असतात. काय बदललं ते मला माहितीये. 1995 ला टीव्हीवाल्या मर्डोकच्या कंपनीचे 87 मिलियन पाउंड आले, 1996 पासून सुपर लीग ही सगळ्यात वरची स्पर्धा, हिवाळ्याचा खेळ उन्हाळ्यात गेला, आणि त्यात कुणीतरी कागदावर ठरवलं की वेकफिल्ड, कॅसलफर्ड आणि फेदरस्टोन हे तीन क्लब एकत्र करून ‘काल्डर’ नावाचा एक क्लब करायचा. तू तेव्हा सोळा-सतराची असशील. ज्या तीन गावांची एकमेकांशी पिढ्यानपिढ्या खुन्नस त्यांना एका जर्सीत घालायचं! लोक पेटले आणि तो बेत बारगळला. पण जखम राहिली, आणि ज्या फेदरस्टोनने 1983 ला लंडनच्या वेम्बलीवर बलाढ्य ‘हल’ क्लबला 14-12 ने हरवून चॅलेंज कप आणला, पंधरा-सोळा हजार वस्तीच्या गावाने, अशा गावांना त्यानंतर कायम दाराबाहेर उभं राहावं लागलं. हे दुःख खरं आहे, ते कर.

पण तो वरचा मजला झाला. तळमजला अजून चालू आहे. तुझ्या लीड्समध्येच स्टॅनिंग्ली आहे, मिलफर्ड आहे, औल्टन आहे, हन्स्लेट आहे, तुझ्या माहेरच्या बाजूला फेदरस्टोन लायन्स, कॅसलफर्डचं लॉक लेन, नॉर्मंटन, हॅलिफॅक्सला सिडल. शनिवारी दुपारी मोठ्यांच्या मॅच, रविवारी सकाळी मुलांच्या. प्लंबर, नर्स, ट्रक चालवणारे, शिक्षक, सोमवारी कामावर जाणारीच माणसं खेळतात. आत जायला बहुतेक ठिकाणी फुकट किंवा किरकोळ पैसे. आणि सीझन आता साधारण मार्च ते सप्टेंबर असतो, म्हणजे तुला पाहिजे असलेला तो जानेवारीचा चिखल मिळणार नाही हे कबूल, पण लहान पोरांना हातमोजे न घालता बॉल पकडता येतो ही काय वाईट गोष्ट आहे का? तुझ्या आईला विचारलं असतंस तर तिने त्या चिखलाबद्दल वेगळं सांगितलं असतं, धुणं तिने धुतलंय.

आता ते निसटलेलं. पत्रभर मुलगा, मुलगा, मुलगा. मुलाला नेलं, मुलगा कंटाळला, मुलाला गोडी लागेल का. मुलगी एका वाक्यात आहे आणि ते वाक्य असं आहे: ‘धाकटीला काय, ती बरोबर येते आणि पोस्टच्या मागे कुणाच्यातरी पोरांबरोबर चिखलात खेळत बसते, घरी न्यायचं म्हटलं की रडारड.’ अगं!! वाच ते परत. तू स्वतः टेरेसवरची डॉक्टरांची मुलगी, मॅच न बघणारी, मागच्या उतारावर पोरांबरोबर खेळणारी, आणि तुझ्यासमोर हुबेहूब तीच मुलगी बसलीये आणि तू तिच्या डोक्यावरून पलीकडे मुलाकडे बघतेयस. म्हणतेस मुलांना दाखवायचंय, पण मनात कुठेतरी ठरलेलं आहे की खेळ म्हणजे मुलाकडे जायची वस्तू. मी तुला दोष देत नाही, तुझ्या लहानपणी तुला कुणी विचारलंच नसणार की तुला खेळायचंय का. बायका खेळत होत्या तेव्हाही, पण आठवड्याला ट्रेनिंगला ये असं म्हणणारा क्लब गावागावात नव्हता. तू बघणारी म्हणून वाढलीस आणि म्हणून तू मुलांना बघायलाच नेतेस. आता बायकांची सुपर लीग आहे, 2017 पासून. 2023 ला बायकांच्या चॅलेंज कपची फायनल पहिल्यांदा वेम्बलीवर झाली, सेंट हेलन्सने तुमच्या लीड्सला हरवलं. आणि लहान गटांत मुलगे-मुली एकत्रच खेळतात. तिला विचार, ‘बघायला येतेस का’ असं नको, ‘खेळतेस का’ असं.

आता नवरोबा. तू त्याला विरोधी पार्टी करून टाकलंयस आणि मला ते पटलं नाही. तो खेळाला नाही म्हणत नाहीये, डोक्याला मार लागतो म्हणतोय, आणि त्यात तो बरोबर आहे. लीग हा धडक देण्याचा खेळ आहे, कितीतरी माजी खेळाडू मेंदूच्या इजांसाठी कोर्टात गेलेत, हे लपवून त्याला पटवायला जाऊ नकोस. त्याच्या गुडघ्यावर कबड्डीचा वण आहे असं तू चिडून लिहिलंयस, पण गुडघा आणि डोकं यात फरक आहे. त्यापेक्षा त्यालाच घेऊन क्लबात जा आणि त्यालाच प्रश्न विचारू दे, आयटीवाला आहे, यादी करून आणेल. काय विचारायचं: सगळ्यात लहान गटांना टॅकल नसतो, कमरेला लावलेली पट्टी ओढायची असते, टॅग म्हणतात त्याला, तर या क्लबात टॅकल कुठल्या वयोगटापासून आणि तो शिकवतात कसा. कोचचं डीबीएस, म्हणजे गुन्ह्याच्या नोंदींची तपासणी, झालंय का. मॅचला फर्स्ट एडवाला असतो का, की ‘कुणीतरी असतं’. आणि मुलाच्या डोक्याला लागल्याचा नुसता संशय आला तर काय करता, या प्रश्नाचं उत्तर एकच आहे, लगेच बाहेर, त्या दिवशी परत आत नाही. 2023 पासून हौशी खेळांसाठी सरकारच्या सूचना आहेत, कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) झालं किंवा तसा संशय आला तर निदान 21 दिवस मॅच खेळायची नाही. कोचला हे विचारल्यावर तो वैतागला किंवा ‘आमच्या वेळी’ म्हणून सुरू झाला, तर तो क्लब तुमचा नाही, दुसरा बघा. मोठ्यांच्यात सुद्धा टॅकलची उंची खाली आणायचे प्रयत्न झालेत, त्यावर पबमध्ये कायम भांडणं चालू असतात, पण विचार चांगलाच आहे.

आणि हे सगळं विचारून सुद्धा तो म्हणाला की टॅगपर्यंत ठीक, टॅकल सुरू झाला की परत बोलू, तर ते मान्य कर. धाकटी टॅगपुरतंच खेळली तरी तिला क्लब मिळाला, टीम मिळाली, पुढचं पुढे. तो ‘आपली मुलं अंगाने लहान असतात’ असं म्हणाला, तर मात्र त्याला रॉब बरोचं नाव सांग. पाच फूट पाच इंच. लीड्सकडून 2001 ते 2017 खेळला, आठ ग्रँड फायनल जिंकला. पुढे मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू हळूहळू निकामी होण्याचा आजार) झाला आणि 2024 च्या जूनमध्ये गेला, त्याचा लीड्सचा जुना कॅप्टन केव्हिन सिनफिल्डने मॅरेथॉनच्या शेवटी त्याला उचलून रेषेपार नेलं ते तुमच्या लीड्समध्येच, 2023 ला, ते तर तुझ्या मुलाने पण फोनवर बघितलं असेल.

हां, फोन. मुलाशी रग्बी लीगबद्दल बोलायचंच असेल तर ग्राउंडवर नको, घरी, जेवताना, गोष्ट म्हणून. शार्लस्टन नावाचं छोटंसं खाणीचं गाव, तुझ्या माहेरापासून लांब नाही, तिथले तीन भाऊ, पीटर, डॉन आणि नील फॉक्स. नीलने कारकिर्दीत 6,220 पॉइंट केले, तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. 1968 ची चॅलेंज कप फायनल, वेकफिल्ड विरुद्ध लीड्स, वेम्बलीवर इतका पाऊस की खेळाडू पाण्यावरून घसरत होते. नील दुखापतीमुळे बाहेर, म्हणून किक मारायची जबाबदारी डॉनवर. शेवटच्या मिनिटाला वेकफिल्डने पोस्टच्या जवळ ट्राय केला, स्कोअर लीड्स 11, वेकफिल्ड 10, आता फक्त समोरून एक सोपी किक, शाळेतलं पोरगं मारेल अशी, ती गेली की कप आपला. आणि डॉन घसरला, किक बाहेर. कप लीड्सला. मॅचमधला सर्वोत्तम खेळाडू कोण? डॉन फॉक्स, आधीच ठरलं होतं. त्याच दिवशी, त्याच माणसाला दोन्ही. याची क्लिप आहे, जेवण झालं की फोनवर लावून दे आणि तू गप्प बस. मुलगा लीड्सचा, तो खूष होईल, तू वेकफिल्डच्या बाजूची, तू हळहळशील, आणि तिथून वाद सुरू झाला तर होऊ दे.

आणि तुझं काय? ‘मी लादतेय का’ या प्रश्नात तू स्वतःला जायचंय की नाही हे कुठेच नाही. तुला जायचंय ना? मग जा की! मुलं येवोत न येवोत. शनिवारी दुपारी दोन तास, नवरा आहे घरात, बाबा आहेत. आपल्या बायकांना एखादी आवड जपायची तर ती ‘मुलांसाठी’ म्हणूनच करावी लागते, नाहीतर चैन वाटते, आणि मग मुलांनी साथ दिली नाही की आपली आवडच गेल्यासारखं वाटतं. त्या पोराच्या ‘हे तुझं आहे’ मध्ये तुला टोमणा दिसला, मला तर ते साधं खरं वाटलं. तुझंच आहे ते. पुष्कळ क्लबांत आता मोठ्यांसाठी टच असतं, धडक नाही, नुसतं शिवायचं, चाळिशी-पन्नाशीच्या बायका येतात. धावायचं नसेल तर क्लबांना माणसं कायम कमी असतात, चहाच्या खिडकीत, रजिस्टरवर, फर्स्ट एडला. आठवड्याला तेच चार चेहरे भेटायला लागले की बाबांसारखं तुलाही नावाने हाक मारणारं कुणीतरी होईल, फक्त प्रिस्क्रिप्शनमुळे नाही.

सिडनीच्या पश्चिमेकडून, पॅरामॅटा-ब्लॅकटाउनकडून पण मला अशी पत्रं येतात, तिथे तर लीग गल्लीगल्लीत आहे आणि तक्रार उलटी, मुलं खेळायला तयार आणि आईबाप क्रिकेट सोडू देत नाहीत. त्यांनाही नवऱ्याच्या यादीतलेच प्रश्न लागू.

वीकेंडच्या टाइमटेबलचं तुमचं तुम्ही बघा, रविवारी सकाळची मॅच आणि मराठी शाळा एकत्र आली तर कुठल्या आठवड्याला कुठे हे आधीच ठरवा आणि शाळेतल्या बाईंना स्पष्ट सांगा, आमच्याकडच्या बाईंची स्वतःची मुलगी नेटबॉलला जाते, त्यांना कळतं. क्लबात चौकशी जानेवारी-फेब्रुवारीत कर, सीझन सुरू झाल्यावर टीम भरलेल्या असतात, बहुतेकांचं फेसबुक पेज असतं, तिथे मेसेज टाक की 8 वर्षांची मुलगी आहे, पहिल्यांदाच खेळणार, नुसतं ट्रेनिंगला येऊन बघितलं तर चालेल का. बहुतेक कुणी नाही म्हणत नाही. बूट नवे घेऊ नकोस, क्लबात जुन्या बुटांचा डबा असतो. माउथगार्ड मात्र नवीनच, गरम पाण्यात मऊ करून दातावर बसवायचा, ते काम आजोबांकडे दे.